सज्जता आणि निवड : लष्करातील स्त्रियांच्या गर्भनिरोधाविषयीचे काही आदेश वाचताना

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांची चिकित्सा करत आलो आहोत. आज ग्रंथ नाही. आज आपण काही सरकारी कागद वाचणार आहोत. एक अध्यक्षीय आदेश, हवाई दलाचा एक नियम, एका सेनाधिकाऱ्याचा हुकूम, एका संरक्षणमंत्र्याचे परिपत्रक, आणि त्यांच्या आधी वर्तमानपत्रातला एक स्तंभ. विषय आहे लष्करातल्या स्त्रिया, त्यांचे गर्भनिरोधाविषयीचे निर्णय आणि त्यांचे लैंगिक आरोग्य. उदाहरण मुख्यतः अमेरिकेचे घेऊ, कारण तिथे या गोष्टी कागदावर आलेल्या आहेत, कोर्टात लढवल्या गेल्या आहेत, मोजल्या गेल्या आहेत. शेवटी थोडा वेळ आपल्याकडे येऊ.

विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा डॉक्टरांचा प्रांत, फार तर वकिलांचा. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्यांचं इथे काय काम? काम आहे ते एका शब्दापुरते. गर्भनिरोधाची चर्चा निघाली की 'निवड' हा शब्द येतोच. गोळी घ्यायची, तांबी बसवायची की इंजेक्शन, ही तिची निवड. पण जिथे उठायचे कधी, जेवायचे कधी, कुठल्या खंडात राहायचे हे वरून ठरते, तिथे 'निवड' या शब्दाचा अर्थ काय उरतो? शब्दाचा अर्थ तपासणे हे तर आमचे जुनेच काम.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. स्त्रीला ही साधने नाकारताना लष्कराने कधी अब्रूचे कारण दिले, कधी सज्जतेचे. पुढे साधने दिली तेव्हाही कारण सज्जतेचेच. तिचे स्वतःचे भले हे पुरेसे कारण म्हणून कागदावर फार क्वचित उभे राहिले. आणि जो हक्क दुसऱ्याच्या गरजेवर उभा असतो, तो त्या गरजेबरोबर येतो आणि तिच्याबरोबर जातो.

पहिला कागद १९४३ चा. दुसरे महायुद्ध चालू आहे. अमेरिकी सैन्यात स्त्रियांचे साहाय्यक दल आदल्या वर्षी मे महिन्यात स्थापन झालेले. ओव्हेटा कल्प हॉबी त्याच्या संचालिका. जून १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये जॉन ओडॉनेल या स्तंभलेखकाने लिहिले की या दलातल्या स्त्रियांना गर्भनिरोधक साधने पुरवायचे वरिष्ठांनी गुपचूप ठरवले आहे. बातमी खोटी होती. युद्धमंत्री स्टिम्सन यांनी ती नाकारली, एलिनॉर रूझवेल्ट यांनी नाकारली, ओडॉनेलला विधान मागे घ्यावे लागले. पण त्या दलातल्या मुलींच्या घरी काय झाले असेल, याची कल्पना आपल्या समाजात वाढलेल्या माणसाला सहज करता येते. अफवा शत्रूने पसरवल्या असतील म्हणून चौकशीही झाली. निघाले असे, की त्यांचा मोठा उगम स्वतःच्याच सैनिकांत होता. मॅटी ट्रेडवेल यांनी १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या दलाच्या अधिकृत इतिहासात या बदनामीवर सबंध प्रकरण लिहिले आहे.

आता चिकित्सेचा मुद्दा बघा. त्याच वेळी, त्याच सैन्यात, पुरुष सैनिकांना निरोध मिळत होते. गुप्तरोग झालेला सैनिक इस्पितळात पडतो, म्हणजे तेवढे दिवस कामाचे गेले, असा सरळ हिशेब. पुरुषाच्या बाबतीत सैन्याने नीती बाजूला ठेवली आणि दिवस मोजले. स्त्रीच्या बाबतीत उलट. खोट्या बातमीचे खंडन करणाऱ्यांत चांगली माणसे होती, पण ते खंडन आज वाचताना एक गोष्ट खटकते. गुन्ह्याचा आळ आला की जसा तो नाकारतात, तसे ते आहे. 'बातमी खोटी आहे' एवढे सगळ्यांनी म्हटले. 'आणि खरी असती तरी त्यात वाईट काय?' हे त्या गदारोळात कोणाला म्हणता आले नाही. पुरुषाकडची वस्तू आरोग्याचे साधन, आणि तीच वस्तू स्त्रीकडे सापडली तर चारित्र्याचा पुरावा! स्त्रीचे लैंगिक आरोग्य इथे विषय म्हणून अस्तित्वातच नाही. आहे ती फक्त दलाची अब्रू.

दुसरा कागद २७ एप्रिल १९५१ चा, अध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश क्रमांक १०२४०. त्याआधी तीन वर्षे, १९४८ मध्ये, स्त्रियांना सैन्यात कायम स्थान देणारा कायदा झाला होता. या आदेशाने त्या स्थानाला अट घातली. स्त्री गरोदर असेल, सेवेत असताना तिने मूल जन्माला घातले असेल, दत्तक घेतले असेल, इतकेच काय, सावत्र मूल वर्षातून तीस दिवसांहून जास्त तिच्या घरी राहत असेल, तर तिची सेवा संपवता येईल. हे तीस दिवस लक्षात ठेवा. बाळंतपणामुळे शरीर कामाला असमर्थ होते, असा युक्तिवाद सावत्र मुलाला लागू होत नाही. सावत्र मुलाने कोणाच्या पाठीला कळ लागत नाही. म्हणजे आक्षेप शरीराच्या क्षमतेला नव्हता. आई असण्यालाच होता. बाप झालेल्या पुरुषाला असा आदेश नव्हता. त्याला उलट बढतीच्या वेळी जबाबदार गृहस्थ म्हणत असतील.

या आदेशाच्या छायेत गर्भनिरोधाचा अर्थ काय होतो, ते पाहा. नागरी जीवनात गोळी चुकली तर एक अडचण उभी राहते. इथे गोळी चुकली तर नोकरी जाते, निवृत्तिवेतनाची वर्षे जातात, ओळख जाते. आणि ते फक्त तिचे. साधन तेच, पण चुकीची किंमत एकाच बाजूला.

तिसरा कागद या संबंध विषयातला सर्वांत बोलका. १९७० साल. कॅप्टन सूझन स्ट्रक, हवाई दलातील परिचारिका, व्हिएतनाममध्ये नेमणूक. तिला दिवस गेले. हवाई दलाचा नियम असा, की गरोदर असल्याचे ठरताच अधिकारी स्त्रीला लवकरात लवकर सेवामुक्त करायचे. गर्भ पाडला तर मात्र नोकरी राहील. त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत गर्भपात गुन्हा होता, पण लष्करी इस्पितळात तो होऊ शकत होता. स्ट्रक कॅथलिक होती. तिने सांगितले, गर्भपात करणार नाही. साठलेली रजा वापरून बाळंत होईन, मूल दत्तक देईन, कामावर परत येईन. हवाई दलाने नकार दिला. ती कोर्टात गेली, खालच्या दोन्ही कोर्टांत हरली. सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू मांडायला उभ्या राहिल्या रूथ बेडर गिन्सबर्ग, ज्या पुढे त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. ऑक्टोबर १९७२ मध्ये न्यायालयाने खटला ऐकायचे मान्य केले. आणि मग काय झालं? हवाई दलाने स्ट्रकपुरती माघार घेतली, तिला सेवेत ठेवले. वाद उरला नाही म्हणून निकालही लागला नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७३ मध्ये, 'रो विरुद्ध वेड' हा गर्भपाताच्या हक्काचा प्रसिद्ध निकाल आला, तो मुख्यतः खासगीपणाच्या पायावर.

स्ट्रकचा खटला आम्हाला इतका महत्त्वाचा का वाटतो? कारण 'निवड' या शब्दाची खरी परीक्षा तिथे होते. आज गर्भपाताच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट आपण गृहीत धरतो. स्ट्रक कुठल्याच तटात बसत नाही. तिला मूल जन्माला घालायचे होते, आणि संस्था सांगत होती, पाडा नाहीतर चालू लागा. गिन्सबर्ग यांचा मुख्य युक्तिवाद समानतेचा होता. तात्पुरती असमर्थता पुरुषांनाही येते, आजार येतो, अपघात होतो, त्यांना रजा मिळते. मग या एकाच अवस्थेला हकालपट्टी का? त्या युक्तिवादाचे सार आम्ही आमच्या भाषेत असे मांडू : ज्या निवडीत 'नाही' म्हणण्याची किंमत सगळे आयुष्य आहे, ती निवड म्हणजे हुकूमच, फक्त प्रश्नाच्या रूपात विचारलेला.

१९७५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने गरोदर स्त्रियांना सक्तीने काढणे थांबवले. १९७६ मध्ये 'क्रॉफर्ड विरुद्ध कुशमन' या खटल्यात अपील न्यायालयाने मरीन दलाचा तसा नियम घटनाबाह्य ठरवला. इथे एक पर्व संपले. पण ज्याला आपण प्रगती म्हणतो तिचा पुढचा आलेख सरळ नाही. १९८८ मध्ये परदेशातल्या लष्करी इस्पितळांत, स्वतःच्या पैशानेसुद्धा, गर्भपात बंद झाला. १९९३ मध्ये ती बंदी उठली. १९९६ मध्ये कायद्याने पुन्हा आली. बलात्कारातून राहिलेला गर्भ असेल तर गर्भपाताचा खर्च लष्करी आरोग्ययोजना उचलू लागली ती २०१३ पासून. स्ट्रकच्या वेळी जी संस्था गर्भपात कर म्हणत होती, तीच वीस वर्षांत करू देणार नाही म्हणू लागली. दोन्ही वेळा निर्णय तिचा नव्हता, एवढे मात्र बदलले नाही.

आता थोडे कागदांतून बाहेर येऊन प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. २००८ च्या लष्करी पाहणीच्या विश्लेषणातून असे दिसले, की सेवेतल्या दर हजार स्त्रियांमागे वर्षाला १०५ अनपेक्षित गर्भधारणा होत होत्या. सर्वसाधारण अमेरिकी स्त्रियांत हे प्रमाण ५२ होते. सैन्यात तरुण मुली जास्त, म्हणून वयाचा फरक काढून टाकला तरी आकडा ७८ राहतो. आरोग्यसेवा फुकट, डॉक्टर आवारात, गोळ्यांना पैसे नाहीत, आणि तरी प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त! असं का?

आळशी उत्तर चारित्र्याचे. ते १९४३ पासून तयारच आहे. खरे उत्तर कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच महत्त्वाचे. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यायची असते. काही प्रकारच्या गोळ्यांत काही तासांचा उशीरही चालत नाही. पाळ्या बदलत्या, पहारे रात्रीचे, विमानाने चार कालविभाग ओलांडलेले. चिकटपट्टी वाळवंटातल्या घामाने सुटते. तीन महिन्यांचे इंजेक्शन (आपल्या सरकारी योजनेत 'अंतरा' म्हणतात तेच) सोयीचे, पण त्याच्या दीर्घ वापराने हाडांची घनता कमी होते असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००४ मध्येच दिला आहे; आणि पाठीवर बोजा घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या मुलींना हाडांना तडे जाण्याचा धोका आधीच असतो. तांबी किंवा दंडात त्वचेखाली बसवायची काडी उत्तम, वर्षानुवर्षे टिकते. पण ती बसवायला शिकलेला माणूस छावणीत लागतो, आणि निघण्याआधी वेळ लागतो. परदेशी मोहिमेवर जाऊन आलेल्या २८१ जणींची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आपणहून उत्तर देणाऱ्यांची पाहणी होती, म्हणून तिचे आकडे सगळ्या सैन्याला लावू नयेत. पण त्यांतल्या तिघींपैकी एकीला जाण्याआधी हवे ते साधन मिळाले नव्हते, आणि निम्म्याहून जास्त जणींचे निघण्यापूर्वी लष्करी डॉक्टरांशी या विषयावर बोलणेच झाले नव्हते.

का झाले नसेल? इथे खासगीपणाचा प्रश्न येतो. गावात एकच दवाखाना आणि कंपाउंडर ओळखीचा असला की आपल्याकडची मुलगी काय करते, ते आठवा. लहान तुकडीत औषधे सांभाळणारा सैनिक हा तिचाच सहकारी असतो. मोहिमेवर शरीरसंबंधांना कुठे सरळ बंदी, कुठे नापसंती. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजेत अविवाहितांच्या संबंधांवरचे बंधन २००८ मध्ये सैल झाले. जी गोष्ट करायला मनाई आहे, तिच्यासाठीचे साधन मागायचे म्हणजे कबुलीजबाबच. मुली मागत नाहीत. मग पाहणीवाला आकडा मोजतो.

याच साधनांचा आणखी एक उपयोग आहे : पाळी थांबवणे. रणगाड्यांच्या ताफ्यात बारा तास थांबा नाही, आडोसा नाही. कित्येकींनी पाणी पिणेच कमी केल्याचे आणि त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग झाल्याचे नोंदलेले आहे. अशा वेळी सलग गोळ्या घेऊन पाळी लांबवणे ही अनेकींना सुटका वाटते, आणि ती घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. चिकित्सकाने विचारायचे ते एवढेच : आडोसा देणे शक्य असताना गोळी दिली जाते आहे का? शरीर छावणीला जुळवून घेते आहे. छावणीनेही शरीराला थोडे जुळवून घ्यावे, असं कोणी म्हणत आहे का?

चौथा कागद नोव्हेंबर २००९ चा. उत्तर इराकमध्ये मेजर जनरल अँथनी कुकोलो यांनी हुकूम काढला : मोहिमेवर असताना जी सैनिक गरोदर होईल आणि जो तिला गरोदर करील, दोघेही शिक्षेस पात्र, कोर्टमार्शलसुद्धा होऊ शकेल. विवाहित जोडपीही यात आली. टीका झाली, चार महिला सिनेटरांनी पत्र लिहिले. इराकमधले सर्वोच्च सेनाधिकारी ओडिएर्नो यांच्या नव्या आदेशामुळे १ जानेवारी २०१० पासून ही तरतूद गेली. कुकोलो यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर त्यांनी पुरुषालाही जबाबदार धरले, जे १९५१ मध्ये कोणाला सुचले नव्हते. त्यांचे कारणही साधे होते : माणसे मोजकी आहेत, एक परत गेली की तिचे काम उरलेल्यांवर पडते. म्हणजे पुन्हा सज्जता. पण हा हुकूम निघाला तेव्हा संबंधांनंतर तीन दिवसांत घ्यायची तातडीची गोळी प्रत्येक लष्करी दवाखान्यात ठेवणे बंधनकारक नव्हते. ते झाले फेब्रुवारी २०१० मध्ये. शिक्षा आधी आली, गोळी तीन महिन्यांनी. हा क्रम आम्हाला कुठल्याही भाष्यापेक्षा बोलका वाटतो.

गर्भधारणा म्हणजे काही सगळे लैंगिक आरोग्य नव्हे. सज्जतेचा चष्मा लावला की काय दिसत नाही, त्याचे एक उदाहरण देतो. अमेरिकी सैनिकाला कितीतरी लसी हुकमाने घ्याव्या लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस मात्र ऐच्छिक आहे. सल्ला देतात, सक्ती नाही. सक्ती असावी की नसावी हा वेगळा वाद. पण फरकामागचे गणित बघा : फ्लू या आठवड्यात माणूस आडवा करतो. हा कर्करोग येतो वीस-वीस वर्षांनी, तेव्हा ती सेवेत नसते. हिशेब दलाचा असेल तर तिचे चाळिसावे वर्ष हिशेबात येत नाही. तिच्या हिशेबात मात्र ते येते.

आणि जबरदस्ती. संरक्षण खात्याच्याच पाहणीत २०२१ मध्ये सेवेतल्या ८.४ टक्के स्त्रियांनी वर्षभरात नको असलेला लैंगिक स्पर्श किंवा अत्याचार झाल्याचे सांगितले. २०२३ मध्ये ६.८ टक्के. पुरुषांतही हे होते, प्रमाण कमी. जिथे संबंधच निवडीचे नाहीत, तिथे साधनाच्या निवडीवर भाषण करणे सांभाळूनच करावे लागते.

शेवटचा अमेरिकी कागद. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो'चा निकाल रद्द केला. सैनिक आपले राज्य निवडत नाही. जिथे नेमणूक, तिथला कायदा. म्हणून २० ऑक्टोबर २०२२ रोजी संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी परिपत्रक काढले. त्यातून पुढे गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जायला प्रवासखर्च आणि रजा मिळू लागली, आणि गरोदरपणाची माहिती वरिष्ठाला विसाव्या आठवड्यापर्यंत न देण्याची मुभा मिळाली. ही मुभा आमच्या मते महत्त्वाची. विचार करायला वेळ आणि आडोसा दोन्ही मिळाले. परिपत्रकात आरोग्याचा उल्लेख आहे. पण युक्तिवादाचा भार कशावर? भरती, टिकवणूक, सज्जता. अलाबामाचे सिनेटर टॉमी टबरव्हिल यांनी याला विरोध म्हणून २०२३ मध्ये महिनोन्‌महिने चारशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या बढत्या अडवून धरल्या. तेव्हा दोन्ही बाजू काय म्हणत होत्या? एक म्हणे, हे धोरण सज्जतेला हवे. दुसरी म्हणे, हे धोरण सज्जतेच्या आड येते. ज्या स्त्रीला रात्रीच्या बसने दुसऱ्या राज्यात जायचे होते, ती वादात फक्त उदाहरण म्हणून होती. जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदलले आणि प्रवासखर्चाची तरतूद गेली. सज्जतेचा अर्थ नव्या माणसांनी नव्याने लावला, बस. पाया वाळूचा असेल तर भिंत कोणी पाडावी लागत नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आणि ते म्हणणे वजनदार आहे : सैन्य दुसरी कुठली भाषा समजते? सज्जतेच्या भाषेत मागितले म्हणून तर गोळी मिळाली. हे खरे आहे. पण दार उघडायला वापरलेल्या किल्लीवर घर उभे करू नये. दुसरा आक्षेप : सैनिक आपणहून येतो, काही स्वातंत्र्ये सोडूनच येतो, मग शरीरावरची एवढी सत्ता का नको? इथे कांटची मदत होते. माणसाला साधन म्हणून वापरू नका, असं कांट म्हणतो असे आपण घाईने सांगतो. तो म्हणतो 'केवळ' साधन म्हणून वापरू नका. सगळा भार त्या 'केवळ'वर आहे. सैनिक राष्ट्राचे साधन असते, पुरुष काय, स्त्री काय; त्याला तिने संमती दिलेली असते. पण तिची स्वतःची उद्दिष्टे, मूल हवे की नको, केव्हा, कोणाबरोबर, शरीर चाळिशीत कसे असावे, ती संमतीपत्रावर सही करताच पुसली जात नाहीत. नियम 'केवळ'च्या अलीकडे आहे की पलीकडे हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. दलाला गरज नसती, तरी ही सोय टिकली असती का? आणि तिने 'नको' म्हटले, तर ते 'हो'इतकेच सहज चालले असते का? स्ट्रकचा नियम दुसऱ्या प्रश्नावर पडतो, २०२२ चे परिपत्रक पहिल्यावर.

आता आपल्याकडे. १९८८ मध्ये लष्करी परिचर्या सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना सेवेतून काढले, कारणांत प्रमुख कारण त्यांचे लग्न. तो नियम १९७७ च्या सूचनेतला. १९९५ मध्ये मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२४ रोजी ही कृती बेकायदा ठरवून ६० लाख रुपये द्यायला सांगितले. छत्तीस वर्षांनी! २०२० च्या बबिता पुनिया खटल्यात स्त्री-अधिकाऱ्यांना कायम सेवा नाकारताना सरकारने गरोदरपण आणि घरच्या जबाबदाऱ्या पुढे केल्या होत्या. न्यायालयाने त्या साचेबंद समजुती म्हणून फेटाळल्या. आणि मे २०२५ मध्ये आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. अभिमानाची गोष्ट आहे. पण टाळ्या संपल्यावर विचारायला हवे की या मुलींच्या आरोग्याविषयी बोलायला आपल्याकडे शब्द कोणते आहेत.

आपला सरकारी शब्द 'कुटुंबनियोजन'. त्यात कुटुंब आधी गृहीत आहे. अग्निवीर मुलगी अविवाहित असावी लागते, चार वर्षे लग्न करता येत नाही. म्हणजे या शब्दात ती बसतच नाही. आणि 'नियोजन' कोणाचे? आपल्या कार्यक्रमाचे मोठे कारण देशाची लोकसंख्या हे राहिले. अमेरिकेत सज्जता, आपल्याकडे लोकसंख्या; कारण संस्थेचे, शरीर माणसाचे. अशा कारणावर सगळा भार टाकला की काय होते, ते आणीबाणीत दिसले. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतांश पुरुषांच्या. तेव्हा पुरुषांनाही कळले, निवड नसलेले गर्भनिरोध म्हणजे काय.

याला दुसरी परंपराही आपल्याच भाषेत आहे. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्यापायी नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांच्या मांडणीत स्त्रीचे आरोग्य, तिचे स्वातंत्र्य आणि तिचे सुखसुद्धा, हे पुरेसे कारण होते. राष्ट्राचा फायदा त्याला जोडावा लागत नव्हता. विसाव्या वर्षी गणवेश घालणाऱ्या मुलीला आज त्याच प्रामाणिकपणाची गरज आहे : निघण्याआधी डॉक्टरांशी पंधरा मिनिटांचे एकांतातले बोलणे, साधनांची खरी माहिती, चुकले तर गोळी, नको असेल तर नको म्हणायची सोय, आणि त्यातले काहीही तिच्या गोपनीय अहवालाच्या जवळपास न फिरकणे.

पुढच्या वेळी कोणी एखादे चांगले धोरण दाखवील, तेव्हा ते काय देते हे तर बघाच, पण कशासाठी देते ते वाक्य शोधा. त्या वाक्यात ती स्त्री आहे का, एवढे पाहा. नसेल, तर ती सोय आज वापरा, पण उद्यासाठी लढायची तयारी ठेवा.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला घेऊ.